खांबाचा खेळ

संतरामदादानं नाटक लिहिलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि शिरड शहापूरला नांदत होते. साल एकेचाळीस की बेचाळीस, ते आता नक्की सांगता येत नाही. हरभरा घरात आला होता आणि अंगणात मिरच्या वाळत होत्या, एवढं मात्र डोळ्यांपुढे आहे. दादा हिंगोलीहून पायी आला. पाय न धुताच ओट्यावर बसला आणि म्हणाला, "शाले, तुला समदं आठवतं ना? ते तीन दिवस?"

मी मिरच्या उलटवत राहिले. कोणते तीन दिवस, हे विचारायची गरज नव्हती.

आम्ही चार भावंडं. संतराम थोरला, मग मी, मग ग्यानबा आणि शेवटची भिका. आमचं गाव आखाडा बाळापूरपासून दोन कोसांवर. पटकीच्या साथीत आई आणि बाप एकाच आठवड्यात गेले, तेव्हा भिका अंगावर पीत होती. व्यंकटरावकाकांनी, म्हणजे बापाच्या थोरल्या भावानं, आम्हाला घरात घेतलं. चार पोरकी लेकरं पोसली म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं. ते खोटंही नव्हतं, आम्ही त्यांच्याच छपराखाली वाढलो. फक्त जेवायला बसायचो ते गोठ्यात, आणि भाकरी मिळायची ती घरच्यांची जेवणं झाल्यावर उरली तर. दादाला ढोरांमागं लावलं, मला शेणाला आणि पाण्याला. काका रागानं कधी मारायचे नाहीत. सावकाश मारायचे, शिकवण दिल्यासारखं. त्यामुळं शेजारच्या बायकांना ते मारणं वाटायचंच नाही, वळण वाटायचं.

वर्ष झालं असेल. ग्यानबा सात वर्षांचा होता. त्यानं देवळीतला नैवेद्याचा गूळ खाल्ला. काकांनी त्याला गोठ्याच्या मधल्या खांबाला बांधलं. त्याच्या अंगात आधीच ताप होता. "चूक कबूल करंस्तोवर सोडायचा न्हाई," म्हणाले. ग्यानबा कबूल करून करून थकला, पण काकांना ते मनापासूनचं वाटेना. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याची मान पडली. गावाला तापानं गेला म्हणून सांगितलं. गाव मातीला आलं आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून गेलं.

ते तीन दिवस दादा ढोरं घेऊन कयाधू नदीच्या काठाला होता. घरात मीच होते, नऊ वर्षांची. दादा परत आल्यावर त्यानं एकच विचारलं, "पाणी तरी दिलंस का गं त्याला?" मी म्हणाले, "दिलं. चोरून. ओंजळीनं."

ते खोटं होतं. काकूनं बजावलं होतं, पाणी दिलंस तर दुसऱ्या खांबाला तुला बांधीन. मी रांजणापाशी तीनदा गेले आणि तीनदा परत आले. दादाला हे मी कधीच सांगितलं नाही. त्याला धरायला तेवढंच होतं.

महिन्याभरात दादा पळाला. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. हिंगोलीत सरकी काढायच्या कारखान्यात लागला. दसऱ्याला तिथं नाटक मंडळ्या उतरायच्या. त्यांचे पडदे ओढता ओढता त्याच्या मनानं घेतलं की जे माणसाच्या तोंडावर बोलता येत नाही, ते नाटकात बोलता येतं.

"आता काहून उकरून राहिलास?" मी त्या दिवशी ओट्यावर त्याला विचारलं.

"भिकासाठी. आठ वर्साची झाली ती. गेल्या बाजारी पाह्यली मी. हातावर वळ हायत. ग्यानबासारखीच दिसून राहिली, शाले."

"मागितलीस का काकांकडं?"

"दोनदा. पहिल्यांदा ताक पाजून वाटंला लावलं. दुसऱ्यांदा म्हणले, माझ्या लेकीला मागनारा तू कोन?"

माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, दाराआड उभी होती. ती बाहेर आली. बाई तोंडानं फटकळ, पण आतून वाईट नव्हती. "पोरीला आना की. चार भाकरींत पाचवी थापू. पन तिच्या चुलत्यानं आपल्या तोंडानं धाडली पायजे. माझ्या दारात भांडन नको. नमुन्याचे पाव्हने आधीच लई हायत मला," असं म्हणून तिनं दादाकडं बघितलं आणि त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

म्हणजे सगळं काकांच्या एका शब्दावर आलं. आणि गावात काकांना शब्द विचारणारा कुणी नव्हता. मारुतीच्या जत्रेचा पहिला नारळ त्यांचा. दादाचं म्हणणं, त्याच जत्रेत, साऱ्या गावापुढं काकांना त्यांचा गोठा दाखवायचा. लाजेनं तरी ते भिकाला सोडतील. मी त्याला त्या तीन दिवसांतलं सगळं सांगितलं. गूळ किती होता, दोर कसला होता, ग्यानबा काय बोलत होता. ओंजळीचंही पुन्हा तसंच सांगितलं. दादानं ते वहीत उतरवून घेतलं.

निजामाच्या राज्यात त्या वेळी परवानगीशिवाय खेळ करता यायचा नाही. दादा वही घेऊन ठाण्यावर गेला. तो वाचायचा आणि मुन्शी ते अमीनसाहेबांना उर्दूत सांगायचा. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "ये चाचा कौन है?"

"गोष्टीतला हाय, साहेब."

"गाँव में फसाद होगा. चाचा निकालो, राजा डालो. और सूरज डूबने से पहले खतम."

दादानं मला हे साहेबांचा आवाज काढून सांगितलं. त्याला वाईट वाटलं नव्हतं. "राजा तर राजा! गूळ तोच, दोर तोच, खांब तोच. अन् उजेडी होनार म्हणजे काकांचं तोंड समद्या गावाला दिसंल. हे तर बराबर माझ्या मनासारखं झालं."

मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघं काही मोठी माणसं नव्हतो.

राजाचं काम उकंडरावांकडं गेलं. मिशा भरदार, आवाज मोटेच्या चाकासारखा, आणि बायकोपुढं मांजर. तालमीत कुणी म्हणालं, "उकंडराव, लई वरडून राहिले तुमी," तर ते म्हणाले, "घरी वरडता येत न्हाई, म्हून इथं उरकून घेऊन राहिलो." बांधलेल्या पोराचं काम तांड्यावरच्या फुलसिंगच्या वसरामला दिलं. पोरगं चौदा वर्षांचं, पण दिसायला आठाचं. बहिणीचं काम गावातल्याच एका पोरानं केलं, माझ्या जुन्या लुगड्यात. आणि खांबासाठी लाकूड कुणी दिलं? काकांनी. "घरचं पोरगं खेळ करून राहिलं," म्हणून त्यांनी गडी लावून मारुतीपुढच्या ओट्यावर खांब पुरून दिला.

चैत्री पुनवेला आत्याबाई आणि मी गाडीनं गेलो. ऊन तिरपं झालं होतं. बायका लिंबाखाली, पुरुष समोर. काका पहिल्या रांगेत सतरंजीवर, पांढऱ्या फेट्यात. काकू बायकांत पुढं, मांडीवर नैवेद्याचं ताट झाकून. तिच्या मागं भिका बसली होती आणि तिला वारा घालत होती. मला पाहून ती हसली. पंखा मात्र थांबवला नाही.

खेळ सुरू झाला. राजा आला, पोरक्या लेकरांना महालात घेतलं, आणि त्यांना घोड्यांच्या पागेत जेवायला बसवलं. बायकांत कुजबुज सुरू झाली.

"अगं बया, उष्टं देतो गं मेला!"

"राजेच ते. पोटाला कमी आसतंय व्हय? देयाची दानत न्हाई."

हे बोलणारी बाई आमच्या शेजारची होती. गोठा तिच्या परड्याला लागून होता. मी तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

पोरानं गूळ खाल्ला. राजानं दोर मागवला. वसरामला खांबाला बांधलं तेव्हा पुरुषांतून 'आरारारा' असा आवाज उठला आणि मला वाटलं, आता. आता कुणीतरी काकांकडं मान वळवील. सगळं उजेडात होतं. काकांचं तोंड मला स्वच्छ दिसत होतं. ते रडत होते. फेट्याचा शेव डोळ्यांना लावून, खांदे हलवून रडत होते. ते रडणं सोंग नव्हतं, हे मी आजही सांगते.

मग बहीण आली, ओंजळीत पाणी घेऊन. इकडं तिकडं बघत, थेंब सांडत. बायका हुंदके देऊ लागल्या. आणि मी? मीही रडले. माझ्याच लुगड्यातल्या त्या पोराला पाणी पाजताना पाहून मला क्षणभर खरंच वाटलं, दिलंच असेल मी पाणी.

तेवढ्यात म्हातारी पारुबाई मागून म्हणाली, "रडू नगा गं. खांब हाय म्हणल्यावर देव निघनार."

बस, एवढंच. राजा दुष्ट, लेकरू बांधलेलं, मधे खांब. आमच्या लोकांना यापुढचं पाळण्यातच सांगितलेलं असतं. खांब फुटतो आणि देव निघतो. पारुबाईचं बोलणं बायकांतून पुरुषांत गेलं. भजनी मंडळींनी टाळ हातात घेतले.

वहीत असं होतं, की पोराची मान पडते, सगळं निःशब्द होतं आणि दादा पुढं येऊन सांगतो, हे लेकरू कोण. वसरामची मान पडली. पण निःशब्द कुणीच झालं नाही. "निघ देवा! निघ आता!" लोक उभे राहिले. टाळ सुरू झाले. उकंडराव खांबाकडं असे बघायला लागले की त्यांनाही वाटलं असावं, निघतो की काय.

देव निघेना तेव्हा काका उठले. ओट्यावर चढले. त्यांनी वसरामचा दोर सोडला, त्याला छातीशी धरलं आणि म्हणाले, "आरं, लेकराला आसं करत्यात व्हय रे!" उकंडरावांनी मुकुट काढून काकांच्या पायावर ठेवला. मागनं काकू चढली. ताटातली पुरणपोळी मोडून तिनं वसरामच्या ओठाला लावली. त्यानं मेलेलं राहायचं होतं. पण उपाशी दिसावा म्हणून दादानंच त्याला सकाळपासून जेवू दिलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं.

"उठलं! लेकरू उठलं!"

मग आवरणार कोण? बायका कुंकू घेऊन धावल्या. कुणी खांबाला हळद लावली, कुणी वसरामचे पाय धुतले. शेजारीण त्याच्यापुढं नवस बोलत होती. पोरगं दोन्ही गाल भरून खात होतं आणि भेदरून सगळ्यांकडं बघत होतं.

दादा गर्दीतून पुढं घुसला. "थांबा! ह्यो राजा न्हाई! ह्यो खांब आमच्या गोठ्यातला हाय. ह्यो ग्यानबा हाय, माझा भाऊ!"

टाळ थोडे हळू झाले. काकांनी त्याला जवळ ओढलं. "व्हय रे बाळा. माझा ग्यानबा बी आसाच गेला. तापात खांबाला धरून बसायचा. मी म्हनायचो, ये रे घरात, तर येयाचा न्हाई."

मी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं.

"शाले!" दादानं लिंबाकडं बघत हाक मारली. "ऊठ! तू व्हतीस तिथं. तू पाणी दिलंस त्याला. सांग यान्ला!"

सगळ्यांनी माना वळवल्या. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो उठवायला होता की बसवायला, मला कळलं नाही. उठले तर आधी कशापासून सुरू करायचं? पाणी दिलंस का, असं कुणी विचारलं तर? आणि खरं सांगितलं तर दादानं त्यानंतर कुणाकडं बघायचं? काकू वरून माझ्याकडं बघत होती. ती रागावलेली नव्हती. ती वाट बघत होती, रांजणापाशी मी उभी राहायचे तेव्हा बघायची तशी.

मी पदर तोंडावर ओढला.

"बहीण हाय. भरून आलं तिला," कुणीतरी म्हणालं. "नगा बोलवू."

पदराआडून मी दादाचा आवाज ऐकला. तो ओरडत नव्हता. "काका, मंग एवढंच करा. भिकाला शालूसंगं धाडा. दुसरं काही मागत न्हाई मी."

मी पदर बाजूला केला. काका खाली उतरले. भिकाला त्यांनी उचलून कडेवर घेतलं. त्यांनी तिला कडेवर घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भिकानंही नसावं, ती लाकडासारखी ताठ झाली. काका लोकांकडं वळून म्हणाले, "आज मारुतीनं माझे डोळे उघडले. हे लेकरू आता कुनाच्या दारात धाडनार न्हाई मी. जिता हाय तवर माझ्या डोळ्यांम्होरं ऱ्हाईल."

"धन्य हाय!" गाव म्हणालं. टाळ पुन्हा जोरात वाजू लागले.

दादा खांबापाशी बसला. वही त्याच्या हातातून कुणी घेतली, तेही त्याला कळलं नसेल. ती काकांच्या देवघरात गेली. दरसाल हा खेळ करायचा, असं काकांनी तिथंच जाहीर केलं. आणि तो झाला. पुढच्या साली, त्याच्या पुढच्या साली, थेट रझाकारांच्या धामधुमीत जत्रा बंद पडेपर्यंत. गावात त्याला 'खांबाचा खेळ' म्हणायचे. शेवटी काका दोर सोडायचे आणि काकू भरवायची. दादा मात्र त्या दिवशी दिवस बुडायच्या आत हिंगोलीच्या वाटेला लागला, तो त्या गावात परत आला नाही. माझ्याकडं यायचा, वर्षादोन वर्षांतून. 'तू उठली काहून न्हाईस,' हे त्यानं मला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. भिका तेरा वर्षांची झाली तेव्हा काकांनी तिला पैनगंगेपलीकडं एका बिजवराला दिली. लग्नात ती काकूच्या गळ्यात पडून रडली आणि लोक म्हणाले, पोटच्या पोरीसारखी वाढवली.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आमची गाडी जुंपेपर्यंत थोडा वेळ होता. भिका मला देवळाच्या मागच्या अंगाला भेटली. नैवेद्याचं रिकामं ताट घेऊन ती हौदावर आली होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तीच बोलली.

"ताई, त्या पोराला किती पोळ्या दिल्या काकूनं?"

"मी न्हाई बघितल्या."

"मी मोजल्या. तीन. अन् तूप बी व्हतं." तिनं ताटाच्या कडेला बोट फिरवलं आणि चाखलं. "त्याला बांधलं म्हून दिल्या का गं?"

तिकडून आत्याबाईंची हाक आली, बैल थांबंनात म्हणून. भिकानं माझा पदर धरला आणि आवाज अगदी बारीक केला.

"दादाला सांग ना. पुढल्या साली मला बांध म्हणावं."